एमटच्या दालनातला खांब

एमटच्या घराचं दार आधी चिकटायला लागलं. पावसाने लाकूड फुगलंय असं म्हणून तिने ते खांद्याने ढकलायची सवय लावून घेतली. मग कुडाच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून वर एक भेग गेली. तिने ती शेणमातीने लिंपली. काही दिवसांत भेग पुन्हा उघडली, आणि या खेपेला तिच्यातून बाहेरचं सफरचंदाचं झाड दिसायला लागलं. तेव्हा मात्र एमट दालनाच्या मधोमध, आगटीशेजारी, उताणी पडली आणि वर बघत राहिली. दालनावरून आडवी गेलेली मोठी तुळई, जिच्यावर सगळ्या छपराचा भार, ती दाराच्या बाजूला खाली झुकली होती. तुळईच्या पाठीवर उभा असलेला आखूड खांब, धुराने डांबरासारखा काळा झालेला, दारू प्यायलेल्या माणसासारखा एका अंगाला कलला होता. घर वाकतंय हे तिला कबूल करावं लागलं, आणि काही कबूल करणं हा एमटचा स्वभाव नव्हता.

ससेक्सच्या रानपट्ट्यातल्या विदरहर्स्ट गावात ही एमट जर्व्हेसची दुसरी बायको म्हणून आली. पहिली बायको गेलेली, तिचा मुलगा पिअर्स तेव्हा मिसरूड फुटलेला, सुतारकाम शिकून तयार झालेला. बाप-लेकाने मिळून हे घर नुकतंच उभं केलं होतं. ओकचे खांब अजून ओले होते, उन्हात तडकताना वाजायचे. नव्या घरात नवी बायको आली आणि पिअर्सने आपली हत्यारं उचलून ओढ्याकाठी झोपडं बांधलं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

जर्व्हेस वारला तेव्हा वहिवाटीप्रमाणे घर आणि जमीन एमटकडे राहिली. विदरहर्स्टची वहिवाट सरळ होती. कूळ मेलं की त्याची विधवा मरेपर्यंत घरात राहील. दुसरं लग्न करायचं नाही आणि घर नासू द्यायचं नाही. नासू दिलं, तर जहागीरदाराचे पंच ते तिच्याकडून काढून वारसाला देतील. वारस म्हणजे पिअर्स. ओढ्याकाठच्या त्या झोपड्यात बायको मेबल आणि पोरांना घेऊन तो वाट बघत होता, आणि वाट बघता बघता त्याची दाढी पांढरी व्हायला लागली होती.

सुगी संपल्यावरचा मायकलमसचा सण झाला की पंच घरोघर फिरत. मागच्या वर्षी गिरणीपलीकडच्या एका म्हातारीचं घर असंच गेलं. ती आता लेकीच्या गोठ्यात झोपते, गाईच्या उबेला. एमटने तिला तिथे पाहिलं होतं. तेव्हापासून तिला स्वतःच्या छपराकडे बघायची भीती वाटायची, म्हणून ती बघत नव्हती, आणि म्हणूनच दार चिकटण्यापासून तुळई झुकण्यापर्यंत गोष्ट गेली.

उताणी पडून पाहून झाल्यावर ती उठली, दाराला आतून अडणा लावला आणि तुळईचं झुकलेलं टोक ज्यावर टेकलं होतं त्या खालच्या खांबापाशी गुडघे टेकून जमिनीवरचा लव्हाळा हातांनी उपसायला लागली.

लव्हाळ्याचं असं आहे. जमीन मातीची, थंडीत पाय गारठतात, म्हणून ओढ्यावरून लव्हाळा कापून आणायचा आणि दालनभर पसरायचा. मळला की बदलायचा. बदलायचा म्हणजे वरचा थर ओढून काढायचा आणि नवा टाकायचा. तळापर्यंत कोण जातं? सगळं गाव तसंच करी. एमटने त्यावर आणखी कडी केली होती. खांबाच्या बुडाशी वारा यायचा, म्हणून ती दर थंडीत तिथे लव्हाळ्याचा ढीग दाबून बसवी आणि वरून माती थापी. वारा बंद झाला, याचा तिला अभिमानही होता.

खाली खाली जाता तिच्या हाताला काळा, ओला रेंदा लागला. त्यात माशांचे काटे, सांडलेलं कढण, कोंबडीची पिसं, सगळी वर्षं एकमेकांत मुरलेली. त्याच्याखाली खांब ज्या आडव्या लाकडावर उभा होता ते लाकूड. तिने त्यावर बोट टेकलं आणि बोट आत गेलं. खांबाचा पायही तसाच, भिजलेल्या भाकरीसारखा.

एमट तिथेच बसून राहिली. पावसाने, वाऱ्याने, देवाच्या करणीने कुजलं असतं तर पंचांपुढे तोंड होतं. पण हे तिने स्वतःच्या हाताने, वर्षानुवर्षं, नीट थापून थापून केलं होतं. गावातलं कुणीही हा खड्डा पाहिला असता तर एकच वाक्य बोललं असतं, की बाईने घर नासवलं. आणि तेवढं एक वाक्य पुरे होतं.

मग तिने जे केलं ते घाबरलेलं माणूस करतं. काळा रेंदा टोपलीत भरभरून मागच्या उकिरड्यावर नेऊन टाकला, जेवढा हाताला आला तेवढा. खड्ड्यात कोरडी माती ओतली, पायांनी तुडवली, वर ताजा लव्हाळा पसरला. संध्याकाळपर्यंत जमीन पहिल्यासारखी दिसायला लागली. आता सुतार येईल, खांब बघेल, म्हणेल जुनं लाकूड आहे, कुजायचंच. आणि पंच यायच्या आत खांबाला नवा पाय बसेल.

सुतार कुठला आणायचा, हा प्रश्न होता. टेकडीपलीकडच्या गावात एक होता, पण चर्चच्या परांचीवरून पडून तो पाय मोडून बसलेला. तिथवर चालत जाऊन ती हात हलवत परत आली. वाटेत तिने मनातल्या मनात आजूबाजूची सगळी गावं चाळून काढली, आणि शेवटी नाव एकच उरलं.

एमटला कुणाचं काही घेतलेलं खपत नसे. एकदा ती तापाने पडली तेव्हा मेबल वाटाण्याचं कढण घेऊन आली होती. उभं राहता येताच एमटने तो वाडगा अंड्यांनी काठोकाठ भरून परत पाठवला, वर एक शब्द नाही. गावात म्हणायचे, एमटला तहानेला पाणी पाजा, ती तुम्हाला विहीर परत करील. तीच बाई आता ओढ्याकाठच्या झोपड्यापुढे उभी होती, आणि ज्याला तिचं घर पडण्यात फायदा, त्याच्याकडेच ते उभं करून मागत होती.

पिअर्स दारात बसून एका लांब ओंडक्याला वाकसाने ताशीत होता. हॅमो गिरणीवाल्याच्या नव्या घराची ती तयारी. हॅमो हाच पंचांचा म्होरक्या, आणि त्याचं घर म्हणजे पिअर्सची दोन हिवाळ्यांची भाकरी. एमटने खांबाचं सांगितलं. तिने खांब म्हातारा झालाय एवढंच सांगितलं.

"ओक म्हातारा होत नाही," पिअर्स वाकस न थांबवता म्हणाला. "त्या लाकडाला माझ्याएवढीसुद्धा वर्षं झाली नाहीत."

"मग येऊन बघ. फुकट नको मला. पोसलेलं डुक्कर देते."

"चालेल. उद्याच येतो."

आतून मेबल हसली. "बघा तर! आपल्याच घराची डागडुजी, आणि वर डुक्कर."

एमट परत निघाली ती जड पायांनी. नाही म्हणाला असता, घासाघीस केली असती, चार टोमणे मारले असते, तर तिला बरं वाटलं असतं. इतक्या सहज हो म्हणालेला माणूस काय करील सांगता येत नाही. टेकू जरा चुकीचा लावायचा, पाचर जरा ढिली ठेवायची, की घर आपोआप खाली बसेल आणि कुणी बोट दाखवणार नाही. रात्रभर तिला डोळा लागला नाही.

सकाळी पिअर्स आला, बरोबर शेजारचे दोघे भाऊ, आडदांड, कुठलंही ओझं उचलायला तयार आणि कशालाही घाबरणारे. पिअर्सने आधी आगटी विझवायला सांगितली. जर्व्हेसच्या मयतीच्या दिवशीही ती आगटी पेटती होती. एमटने तिच्यावर पाणी ओतलं. मग त्याने ओळंबा धरून खांब पाहिला, तुळईखाली उभा राहून हाताने खांबाची कूस, तुळईच्या खाचेत शिरलेलं त्याचं टोक, चाचपली, लाकडी खुंट्यांवर अंगठा फिरवला. त्या खुंट्या त्याने आणि त्याच्या बापाने ठोकलेल्या. खुंट्यांवरून हात काढायला त्याला वेळ लागला.

काम असं होतं. तुळईखाली खांबाच्या शेजारी एक जाड टेकू द्यायचा. टेकूच्या बुडाखाली लांब वासा घालून, वाशाला ठोकळ्याचा आधार देऊन, त्याचं दुसरं टोक खाली दाबायचं, की टेकू तुळईसकट तसूभर उचलला जाई. तेवढ्यात टेकूखाली पाचर ठोकायची. पुन्हा दाबायचं, पुन्हा ठोकायची. छपराचा सगळा भार असा टेकूवर आला की खांब मोकळा होईल. मग त्याचा कुजका पाय कापायचा, नवा जोडायचा, आणि पाचरी काढत घर हळूच त्याच्यावर बसवायचं.

टेकूला खाली बसायला दगड हवा. भावांनी अंगणातला एक सपाट दगड लोटत आणला. पिअर्सने जागा दाखवली. तो नेमका एमटने भरलेल्या खड्ड्यावर ठेवा म्हणत होता.

तिथे नको, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण का नको, हे त्याने विचारलं असतं. मग लव्हाळा बाजूला झाला असता, माती उकरली गेली असती, आणि खाली उरलेला काळा थर दिसला असता. एमटने स्वतःला समजावलं की माती आपण तुडवली आहे, घट्ट आहे, धरेल. दगड बसला. टेकू उभा राहिला. ती गप्प राहिली.

वासा दाबताच घराने आवाज काढला. तुळईतून, कुडातून, छपरापासून खालपर्यंत एक लांब कण्हणं उमटलं, आणि वरून काजळीचे लपके सगळ्यांच्या डोक्यावर पडले. पाचर आत गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा ठोकली. भिंतीतली भेग हळूहळू मिटायला लागली. एमट दगडाकडे बघत होती. दगड हलला नाही.

खांब मोकळा झाला तसा पिअर्सने करवत चालवली. कुजका पाय दोन-चार फटक्यांत सुटला आणि भुसा होऊन पडला. आता अर्ध्या छपराखाली तो एक टेकू तेवढा होता, आणि खांब हवेत लोंबत होता. खालचं आडवं लाकूड काढायला पिअर्स पालथा पडला आणि एक हात खांद्यापर्यंत खांबाखाली घातला.

तेव्हा दगड खचला. आधी एका कडेने, मुंगीच्या पावलाने, आणि एमटने ते सगळ्यांच्या आधी पाहिलं. मग एकदम. टेकू तिरपा झाला, वर काहीतरी फाटल्यासारखं वाजलं, कुडाचा एक तुकडा धपकन आत पडला. दोघे भाऊ दाराबाहेर पळाले. पिअर्सला हात ओढता येईना. खांब खाली आला होता आणि त्याची बाही त्याखाली सापडली होती.

वाशाचं टोक वर उडालेलं होतं. एमट त्याच्यावर झेपावली, पोटावर पडली आणि पाय जमिनीवरून उचलून सगळं अंग त्याच्यावर टाकलं. म्हातारपणाचं अंग ते, वजन किती असणार. पण वासा लांब होता आणि त्याखालचा ठोकळा आगटीच्या दगडी काठावर होता, म्हणून धरला. टेकू जागच्या जागी थांबला, थरथरत. बाही फाडत पिअर्स बाहेर आला. त्याने आगटीच्या दुसऱ्या काठाचा मोठा दगड उपटला, दुसरा टेकू त्यावर उभा केला, तुळईखाली पाचर घातली आणि मोगरीचे घाव घालत राहिला, घर पुन्हा कण्हून गप्प होईपर्यंत.

"सोडा आता," तो म्हणाला.

एमटला हात सोडता येईनात. त्याने एकेक बोट उघडून ते सोडवले.

मग तो खचलेल्या दगडापाशी बसला, तो बाजूला लोटला आणि मऊ मातीत हात घातला. वर कोरडी नवी माती. खाली काळा, कुजका लव्हाळा, मूठभर. त्याने तो नाकाशी धरला. नंतर एमटकडे पाहिलं, आणि तिने मान खाली घातली नाही. त्याला सगळं कळलं होतं. घर कशाने कुजलं, कुणी लपवलं आणि आपण थोडक्यात का वाचलो, हे सगळं त्या एका मुठीत होतं.

पळालेल्या भावांनी गावात बोंब ठोकली असणार, कारण थोड्याच वेळात हॅमो गिरणीवाला आणखी दोन पंचांना घेऊन दारात आला. त्याने पडलेला कूड पाहिला, हवेतला खांब पाहिला, टोपी काढली.

"आम्ही सोमवारी येणार होतो," तो म्हणाला. "पण आता आलोय तर विचारतोच. पिअर्स, तू सुतार आहेस, शपथेवर सांग. हा खांब कुजला कसा?"

संपलं, असं एमटला वाटलं. लेकीचा गोठाही तिच्या नशिबात नव्हता. तिला लेक नव्हती.

पिअर्सने मूठ उघडली आणि काळा लव्हाळा विझलेल्या आगटीत टाकला. "माझी चूक आहे," तो म्हणाला. "उभं केलं तेव्हा खालचं लाकूड मी फार खाली बसवलं. बाप सांगत होता, खाली गारगोट्यांचा थर दे. मी ऐकलं नाही. ओल धरली, कुजलं."

पंच एकमेकांकडे बघायला लागले. हॅमोने टोपी हातात फिरवली. पिअर्सबद्दल वाईट वाटतं, असं तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं. पण स्वतःच्या बापाच्या घराचा पाया ज्याने चुकवला त्याच्या हातात आपलं घर कसं द्यायचं? कापलेले ओक तो टेकडीपलीकडच्या सुताराकडे पाठवील, पाय बरा झाला की. पिअर्सने मान हलवली. जणू कुणी हवापाण्याची गोष्ट सांगत होतं.

एमटने खड्ड्याकडे पाहिलं. तिथे, कुजक्या लाकडाखाली, गारगोट्या दिसत होत्या. नीट रचलेल्या, एकीला एक लागून, त्या दिवशी बसवल्या तशाच.

तिचं घर वाचलं होतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्या दिवशी गप्प बसण्यात ती चांगली तरबेज झाली होती. मरेपर्यंत ती या छपराखाली बसली असती, आणि ओढ्याकाठी मेबलची पोरं उपाशी झोपली असती. या कर्जाची फेड करायला जगात कुठला वाडगा पुरला असता? तिला संताप आला, पिअर्सचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"खोटं बोलतोय तो," एमट म्हणाली. "गारगोट्या आहेत. या, बघा. लव्हाळा मी साठवला, वर्षानुवर्षं. खांबाला मी पुरलं. परवा उकरून लपवलंही मीच, आणि आज त्याच मातीत याचा जीव जात होता तरी माझं तोंड उघडलं नाही."

हॅमो वाकून बघून आला. त्याने बोट गारगोट्यांवर वाजवलं. "एमट, हे काय बोललीस ते कळतंय ना? सोमवारी जहागीरदारापुढे मला हेच सांगावं लागेल. घर जाईल."

"कळतंय."

"आणि तू कुठे जाशील?"

एमटने इकडेतिकडे पाहिलं, नेण्यासारखं काय आहे ते शोधत असल्यासारखं.

पिअर्स आतापर्यंत पाठमोरा उभा राहून नव्या पायाची कूस पटाशीने साफ करत होता. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता. "कोणी सांगितलं होतं तुला बोलायला?" तो म्हणाला. "सरळ झालं होतं सगळं. जन्मात कधी कुणाचं काही घेशील की नाही?"

एमटने पडलेल्या कुडाचा तुकडा पायाने बाजूला सारला.

"ती कुठे जाणार, हॅमो? घर माझ्याकडे आलं तरी जिथे आहे तिथेच राहील. सोमवारी हेही सांग." त्याने नवा पाय उचलून खांबाखाली आणला. "आणि तुम्ही तिघं बाहेर व्हा, हे अजून टेकूवर आहे. तू थांब," तो एमटकडे वळून म्हणाला. " हे दोघे शहाणे पळाले, आता धरायला कोण आहे? वाकतं का तुला?"

एमट वाकली. ओल्या मातीत तिने गुडघे टेकले, खांबाचा नवा पाय दोन्ही हातांनी कवटाळला, आणि बोटांच्या अगदी वर पिअर्सने मोगरी उचलली तेव्हा हात काढून घेतला नाही.